शेटजी दानशूर की लुटारू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयात मी उद्योगपतींच्या कमाईवर आणि त्यांच्या दानावर तीन व्याख्यानं दिली. तेव्हापासून चिठ्ठ्या थांबलेल्या नाहीत. स्पर्धा परीक्षेची मुलं विचारतात, बचत गटाच्या बाया विचारतात, आणि कापूस विकून परतताना पारावर टेकलेले म्हातारे कास्तकार तर सगळ्यात अवघड विचारतात. तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

१. मुळात हा वाद आहे तरी काय?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पोलाद, तेल आणि रेल्वे यांतून काही माणसं अफाट श्रीमंत झाली. लोक त्यांना 'लुटारू सरदार' म्हणू लागले. मध्ययुगात जर्मनीतले गढीवाले सरदार ऱ्हाईन नदीवरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची वाट अडवून मनमानी जकात उकळायचे, त्यांच्यावरून हे नाव आलं. याच माणसांनी पुढं ग्रंथालयं, विद्यापीठं आणि संशोधनसंस्था उभारल्या. म्हणून दुसरा पक्ष त्यांना राष्ट्र घडवणारे म्हणतो.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघंही माणसाच्या स्वभावाचा निवाडा करत बसतात. शेटजी मनानं कसे होते हे आज कुणालाच तपासता येत नाही. पैसा आला कसा आणि गेला कुठं, हे मात्र तपासता येतं. या दोन वह्या वेगवेगळ्या वाचाव्यात, आणि एकीतली जमा दुसरीतल्या नावे बाजूला वळती करू नये. खालची सगळी उत्तरं याच पद्धतीनं दिली आहेत.

२. आपल्या विदर्भात असे उद्योगपती होतेच कुठं? इथं तर नुसती शेती.

होते, आणि शेतीमुळंच होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडं सगळ्यांचं लक्ष गेलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मग खामगाव, अकोला, अमरावती, हिंगणघाट इथं जिन (कापसातली सरकी काढणारे कारखाने) आणि प्रेस (रुईच्या गाठी बांधणारे) उभे राहिले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पुढं हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर इथंही गिरण्या निघाल्या. भंडारा-नागपूरकडं मँगनीजच्या खाणी, चंद्रपूरकडं कोळसा, बल्लारपूरला कागद. या प्रत्येक धंद्यातून कुणीतरी मोठं झालं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या नावाची पाटी आजही कुठल्या ना कुठल्या धर्मशाळेवर किंवा शाळेवर आहे.

३. जिनवाले आणि अडते कास्तकाराला लुटायचे, लुटायचे म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचे?

याचं उत्तर लांब आहे, आणि मी ते मुद्दाम लांब देतो. 'लूट' हा शब्द आपण फार सैल वापरतो आणि त्यामुळं खरी लूट निसटून जाते.

कास्तकार रात्रभर बैलगाडी हाकून पहाटे बाजारात पोचायचा. भाव ठरायचा तो अडत्या आणि खरेदीदार यांच्यात, रुमालाखाली बोटं दाबून. ज्याचा माल, त्यालाच आकडा कळायचा नाही. मग काट्यावर एक माप, आणि वर 'कट्टी', म्हणजे वजनातली कपात: ओलाव्याची वेगळी, कवडीची (किडक्या कापसाची) वेगळी, नमुना म्हणून उचललेल्या ओंजळभर कापसाची वेगळी. त्यानंतर अडत, हमाली, तोलाई. आणि शेवटी धर्मादा, म्हणजे गोरक्षण, देऊळ, पाणपोई यांच्या नावानं कापलेले पैसे. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हातात पडेपर्यंत घरून निघताना केलेला हिशेब कुठल्या कुठं गेलेला असायचा. त्यात पेरणीच्या वेळी बी-बियाणं सवाई-दिढीनं (सव्वापट-दीडपट फेडायच्या बोलीवर) उचललेलं असेल, तर तो चुकाराही परस्पर वळता व्हायचा.

हे सगळं तेव्हाच्या सरकारलाही दिसत होतं. म्हणून १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आणला गेला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. आज आपल्या तालुक्यात जी बाजार समिती आहे, तिचं मूळ या वऱ्हाडी बाजारांत आहे. अर्थात मँचेस्टरला साफ आणि भेसळ नसलेला कापूस हवा होता, हेही त्यामागचं मोठं कारण होतं. एकट्या कास्तकाराच्या कळवळ्यापोटी कायदा झाला असं मी म्हणणार नाही.

माझ्या आजोबांच्या चुकाऱ्याच्या काही चिठ्ठ्या आमच्याकडं होत्या. अक्षर मोडी, आकडे स्पष्ट. एका चिठ्ठीवर पाच कपाती होत्या. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या पाच ओळी कशाच्या आहेत हे ते मरेपर्यंत तोंडपाठ सांगायचे.

४. धर्मादा आमच्याच गाडीतून कापला. मग देवळावर नाव शेटजींचं कसं?

हा प्रश्न मला एका निरक्षर आजीनं विचारला. या सगळ्या विषयावर मी यापेक्षा नेमका प्रश्न ऐकलेला नाही.

धर्मादा गोळा करायचा व्यापारी आणि खर्चायचाही तोच. पैसे शेकडो गाड्यांतून थेंबाथेंबानं आलेले, म्हणून देणाऱ्याचं नाव राहिलं नाही. खर्च एका हातानं झाला, म्हणून पाटीवर एकच नाव आलं. प्रत्येक देऊळ असंच उभं राहिलं असं नाही. कित्येकांनी पदरचे पैसेही घातले. पण आपल्याकडच्या जुन्या धर्मादाय इमारतीवर एकच नाव दिसलं की तिच्या विटांत आपल्या आजोबांच्या गाडीतलाही कापूस आहे का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

५. जिनातल्या बायांसाठी काहीच कायदा नव्हता का?

फार काळ नव्हता. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या आणि वर्षात निदान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जिन हा हंगामी धंदा, त्यामुळं बरेच जिन चार महिन्यांच्या आत आटोपून कायद्याबाहेर राहायचे. १८९१ मध्ये बायांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली, तरी चार महिन्यांची फट उघडीच राहिली. हंगामी कारखाने कायद्यात आले ते १९११ मध्ये. तोवर रुईचा कीस नाकातोंडात घेऊन, तान्हं पोर गंजीच्या आडोशाला निजवून बाया दिवस-रात्र राबल्या. कुठल्याही दानशूराच्या चरित्रात मला त्यांच्यावर एक पानही सापडलं नाही, आणि याचा मला राग येतो.

६. कार्नेगीनं अडीच हजार ग्रंथालयं बांधली. वाचनालय चालवणारे तुम्हीच त्याला नावं ठेवता?

अँड्र्यू कार्नेगीबद्दल मला खरोखर आदर आहे. स्कॉटलंडमधल्या गरीब विणकराचा मुलगा, अमेरिकेत पोलादाचा राजा झाला. १९०१ मध्ये त्यानं कंपनी सुमारे ४८ कोटी डॉलरला विकली आणि आयुष्यात सुमारे ३५ कोटी डॉलर वाटले. त्याच्या पैशातून जगभरात २,५०९ ग्रंथालयं झाली. श्रीमंत मरणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असं त्यानं उघड लिहिलं.

आता दुसरी वही. १८९२ च्या जुलैत होमस्टेडच्या कारखान्यात मजुरीवरून संप झाला. कार्नेगी आधीच स्कॉटलंडला निघून गेला होता आणि कारभार हेन्री फ्रिककडं सोपवला होता. फ्रिकनं खाजगी शस्त्रधारी माणसं बोटींतून आणली. गोळीबारात सुमारे दहा माणसं मेली, आणि संघटना मोडली गेली. अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांत बारा तासांची पाळी त्यानंतर १९२३ पर्यंत टिकली.

सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, होमस्टेडच्या कामगारांसाठी कार्नेगीनं देखणं ग्रंथालय उघडलं. बारा तास भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस पुस्तक केव्हा उघडणार, असं तिथले कामगार विचारत.

एक गोष्ट मात्र कार्नेगीकडून शिकण्यासारखी आहे. ग्रंथालयाची इमारत तो द्यायचा, पण जागा गावानं द्यायची आणि दरवर्षी देणगीच्या दहा टक्के रक्कम कर लावून खर्चायची, अशी अट असायची. त्यामुळं ग्रंथालय गावाचं झालं. आपल्याकडं फीत कापून झाल्यावर कुलूप लागलेल्या किती इमारती आहेत, ते मोजून पाहा.

७. रॉकफेलरचा आणि आमच्या गावाचा काय संबंध?

दोन ठिकाणी आहे. चिमणीतलं रॉकेल, आणि ताटातली हायब्रीड ज्वारी.

'रॉकेल' हा शब्द रॉक ऑइलवरून आला, रॉकफेलरवरून नव्हे. हे इतक्या जणांनी विचारलं आहे म्हणून आधीच सांगून टाकतो. त्या तेलाच्या जगातल्या धंद्यावर मात्र जॉन रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचं राज्य होतं. रेल्वे कंपन्यांशी गुप्त करार करून त्यानं भाड्यात सूट मिळवली आणि प्रतिस्पर्ध्यांना जेरीस आणून विकत घेतलं. त्याच काळात अमेरिकेत घासलेटाचा भाव गॅलनला सुमारे २६ सेंटवरून ८ सेंटवर आला. स्पर्धक मेले आणि गिऱ्हाइकाला तेल स्वस्त मिळालं, दोन्ही खरं. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचे ३४ तुकडे केले.

२० एप्रिल १९१४ रोजी कोलोराडोत लडलो इथं संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला आणि तंबू पेटवले गेले. तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बाया आणि अकरा मुलं गुदमरून मेली. त्या खाण कंपनीची सूत्रं रॉकफेलर घराण्याकडं होती. एकच वर्ष आधी रॉकफेलर फाउंडेशन स्थापन झालं होतं.

त्याच फाउंडेशनच्या सहकार्यानं १९६० च्या दशकात भारतात ज्वारीच्या संकरावर काम झालं आणि १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं. ७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणाऱ्यांना हायब्रीडची भाकर आठवते. चव नव्हती, कडबा आखूड होता, पण पोट भरलं. ती भाकर खाणाऱ्यानं लडलोची अकरा पोरं विसरावीत असं नाही, आणि ती पोरं आठवून भाकर नाकारावी असंही नाही.

८. टाटांनाही त्याच रांगेत बसवता का?

नाही. रांग एक नाहीच, म्हणून तर वह्या वेगळ्या वाचायच्या.

एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. देशात अपघात भरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये. म्हणजे कायद्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी हे नागपुरात घडलं. हे मी दानाच्या वहीत लिहीत नाही. हे कमाईच्याच वहीत लिहितो, आणि म्हणूनच त्याची किंमत मला जास्त वाटते. पैसा मिळवताना कामगाराचं काय केलं, याचं ते उत्तर आहे.

तरीही ती गिरणीच होती. पाळ्या लांब होत्या, आणि पुढं नागपूरच्या गिरणी कामगारांनी संप करूनच बरंच मिळवलं. गिरणीच्या स्वस्त सुतानं आणि कापडानं इथल्या कोष्टी विणकरांचं गणित बदलून टाकलं, हेही लपवण्यासारखं नाही.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलबद्दल बरेच जण विचारतात, कारण आपल्या भागातून कर्करोगाचे कितीतरी रुग्ण तिथं जातात. ते १९४१ मध्ये टाटा ट्रस्टच्या पैशातून उघडलं. १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडं गेलं. आज तिथं तुमच्यावर उपचार होतात ते मुख्यतः सरकारी पैशातून, म्हणजे तुमच्याच करातून. सुरुवात दानानं केली, चालवलं जनतेनं. तिथून बरे होऊन आलेल्या माणसानं दोघांचंही नाव घ्यावं.

९. आणि जमनालालजी? वर्ध्याच्या माणसासमोर त्यांना शेटजी म्हणून मोजाल?

मोजावंच लागेल. त्यांनी स्वतःला मोजायला लावलं, हाच त्यांचा मोठेपणा.

जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये राजस्थानात सीकरजवळ झाला. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घरी ते दत्तक आले. धंदा कापसाचा, म्हणजे तिसऱ्या प्रश्नात सांगितलेल्या त्याच बाजारातला. असहकाराच्या काळात त्यांनी रायबहादूर ही पदवी सोडली. १९२८ मध्ये घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. स्वतःच्या जातभाईंचा रोष पत्करून केलेली ती गोष्ट पैशानं होणारी नव्हती. ज्या सेगावात गांधीजी १९३६ मध्ये राहायला गेले, तिथली जमीन जमनालालजींच्याच मालकीची होती. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं.

श्रीमंतानं संपत्तीचा मालक न राहता विश्वस्त व्हावं, ही गांधीजींची कल्पना जमनालालजींनी जितकी मनावर घेतली तितकी फार थोड्यांनी घेतली. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, कल्पनेवर आहे. विश्वस्त हिशेब देतो तो कुणाला? ज्याची ठेव आहे त्याला. मग कास्तकाराला आणि मजुराला तो हिशेब मागायचा अधिकार कुठं लिहिलेला होता? एक जमनालाल निघाला म्हणून बाकीच्या शेटजींवर काहीच बंधन आलं नाही.

१०. मालगुजारांनी तलाव बांधले. ते तर उद्योगपती नव्हते, पण दान तेच ना?

भंडारा-गोंदियाकडून हा प्रश्न हमखास येतो. मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार. माजी मालगुजारी तलावांना आपण 'मामा तलाव' म्हणतो. तलाव बांधायची विद्या कोहळी समाजाची, माती वाहिली गावानं, जमीन मालगुजारीची. धान पिकलं की मालगुजाराचा वसूल वाढायचा, म्हणजे तलाव ही त्याची गुंतवणूकही होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडं आले. त्यानंतर गाळ काढायचा कुणी, या वादात कित्येक तलाव बुजत गेले. त्या तलावाला दान म्हणण्यापेक्षा गावानं केलेलं काम म्हणणं मला योग्य वाटतं.

११. आयुष्यभर खाणी खोदल्या आणि मरताना सगळं दिलं, याला काय म्हणायचं?

कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या धंद्यात मोठे झाले. १९३० मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्रानं सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला तंत्रशिक्षणासाठी ठेवून गेले. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. आपल्या भागातल्या हजारो मुलांचं आयुष्य तिनं बदललं. दान म्हणून ते फार मोठं आहे, यात शंका नको.

फक्त खाणीत घमेलं उचलणाऱ्या बाईच्या मुलाला त्या संस्थेत पोचायला किती पिढ्या लागल्या, हेही विचारा. दान कुणाला मिळावं हे देणारा ठरवतो, मजुरी मात्र ज्यानं काम केलं त्याचीच असते. दोन्ही वह्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत म्हणतो, ते याचसाठी.

१२. कंपनीनं गावात सभामंडप बांधून दिला. हे दान की आमचा हक्क?

दोन्ही नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी असेल तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. यालाच सीएसआर म्हणतात. कायद्यानं खर्चलेल्या पैशाला दान म्हणून हार घालायची गरज नाही. पण काम कुठलं करायचं ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, त्यामुळं गावाला हक्कानं अमुकच मागता येत नाही. जवळच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो. मंजूर कामांची माहिती कंपनीला आपल्या संकेतस्थळावर टाकावी लागते. सत्काराआधी ती यादी काढून वाचा.

१३. आमच्या गावाजवळ कोळशाची खाण आहे. तिथंही सीएसआरच का?

तिथं वेगळा आणि जास्त पक्का पैसा आहे. २०१५ पासून प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. खाणपट्टा १२ जानेवारी २०१५ च्या आधीचा असेल तर रॉयल्टीच्या (काढलेल्या खनिजाबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या) ३० टक्क्यांपर्यंत आणि नंतरचा असेल तर १० टक्क्यांपर्यंत वेगळी रक्कम त्यात भरावी लागते. खाणीची झळ बसलेल्या लोकांसाठीच हा पैसा आहे, आणि पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांना त्यात अग्रक्रम आहे. चंद्रपूरकडची धूळ खाणाऱ्या गावांनी यासाठी कुणाचे आभार मानत बसू नये. ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि पाठपुरावा करावा.

१४. ज्याच्याकडून देणगी घेतली त्याच्याविरुद्ध बोलायचं कोणत्या तोंडानं? खाल्ल्या मिठाला जागावं लागतं ना?

ही अडचण मला सगळ्यात जास्त वेळा सांगितली जाते, आणि गावं यामुळंच गप्प बसतात.

१९१५ मध्ये अहमदाबादजवळच्या आश्रमात गांधीजींनी एका अस्पृश्य कुटुंबाला ठेवून घेतलं आणि आश्रमाची मदत आटली. तेव्हा एक शेठ मोटारीतून आले, १३,००० रुपयांच्या नोटा हातात ठेवून निघून गेले. ते गिरणीमालक अंबालाल साराभाई होते असं मानलं जातं. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, त्याच अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी मजुरीत ३५ टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडले होते आणि अंबालाल त्यांचे पुढारी होते. गांधीजी कामगारांच्या बाजूनं उभे राहिले, उपोषणाला बसले. अंबालालांची सख्खी बहीण अनसूयाबेनही कामगारांबरोबर होत्या. शेवटी लवाद नेमला आणि ३५ टक्के मिळाले. दोघांतला स्नेह तुटला नाही.

मीठ खाल्लं म्हणून माणुसकीनं वागावं, हे खरं. पण दुसऱ्याच्या मजुरीवर पाणी सोडायचा अधिकार आपल्याला त्या मिठानं मिळत नाही.

१५. शेटजींशिवाय मोठं काही उभं राहिलंय का कधी?

राहिलंय. पंजाबराव देशमुखांनी १९३० च्या दशकात अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, तिच्यामागं वऱ्हाडचा कास्तकार होता. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, त्यांत श्रीमंतांचे पैसे होते तसे कीर्तनाला आलेल्या गोरगरिबांचेही होते. बाबा मात्र स्वतः त्या धर्मशाळांत मालक म्हणून राहिले नाहीत.

१६. माझे आजोबा जिनात हमाल होते, आणि मी त्याच शेटजींच्या वसतिगृहात राहून शिकलो. मी काय मानू?

तुम्हाला एकच काहीतरी मानायची सक्ती नाही. मीही एका शेटजींच्या शिष्यवृत्तीवर शिकलो. त्या वेळी मला वर्षाची फी परवडत नव्हती आणि तो मनिऑर्डरचा कागद हातात आल्यावर माझी आई रडली होती. त्या रडण्याशी मी बेईमानी करणार नाही. आणि आजोबांच्या चिठ्ठीवरच्या पाच कपातींशीही नाही.

तुमच्या शेटजींच्या नावाची पाटी आहे, वसतिगृहात तसबीर आहे. आजोबांचं काय आहे? ते कुठल्या जिनात होते, गाठीमागं किती मिळायचं, हंगाम संपला की काय करायचे, पाठीला दुखणं कधी लागलं, हे घरात कुणाला आठवतं का? त्यांच्याबरोबर काम केलेलं कुणी हयात असेल तर या सीतादहीच्या (कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेच्या) आधीच जाऊन भेटा, सावकाश बोलू द्या आणि ऐकलेलं तसंच लिहून आणा. वाचनालयात त्यासाठी एक कपाट रिकामं केलं आहे. आजवर अकरा वह्या आल्या आहेत, त्यांतल्या चार जिनातल्या बायांच्या आहेत.